घरून काम करणाऱ्यांसाठी सायबर सुरक्षेचं प्रशिक्षण: नेमकं काय शिकवावं?

तिसरा_मजला

नमस्कार. आमच्या कंपनीतले जवळपास सगळे लोक आता कायमचे घरून काम करतात. त्यांच्यासाठी सुरक्षेचं प्रशिक्षण नव्याने आखायचं काम माझ्याकडे आलं आहे. मी सिक्युरिटीतली नाही, ऑपरेशन्स बघते. म्हणून इथल्या जाणकारांना विचारते आहे.

आत्ताची पद्धत अशी: वर्षातून एकदा व्हिडिओ, शेवटी प्रश्नमंजूषा, मग प्रमाणपत्र. लोक व्हिडिओ एका खिडकीत चालू ठेवून दुसऱ्या खिडकीत काम उरकतात. मला त्यांचा राग येत नाही, कारण त्या व्हिडिओत त्यांच्या रोजच्या कामाबद्दल काहीच नसतं. हूडी घातलेला हॅकर, हिरवी अक्षरं, 'संशयास्पद लिंकवर क्लिक करू नका'. संशयास्पद वाटली असती तर कोणी क्लिक केलंच नसतं.

मला खरी अडचण वेगळी वाटते. ऑफिसात विचित्र मेल आला की माणूस शेजारच्याला विचारायचा, 'अरे, तुलाही आलाय का हा?' बरेच डाव तिथेच फसायचे. घरी तो एकटा असतो. २०२० च्या जुलैमध्ये ट्विटरवर जो हल्ला झाला त्याचा चौकशी अहवाल वाचला, तेव्हा हे फार ठळकपणे जाणवलं. हल्लेखोरांनी कर्मचाऱ्यांना फोन करून 'आयटी हेल्पडेस्कमधून बोलतोय, तुमच्या व्हीपीएनच्या तक्रारीबद्दल' असं सांगितलं. सगळे नुकतेच घरून काम करू लागले होते, व्हीपीएन (घरून कंपनीच्या नेटवर्कला जोडणारी सुरक्षित वाट) रोज कोणाचं ना कोणाचं अडत होतं, त्यामुळे तो फोन अगदी स्वाभाविक वाटला. मग हुबेहूब दिसणारं लॉगिन पान, तिथे पासवर्ड, आणि 'हे लॉगिन तुम्हीच करताय का?' असं विचारणारी फोनवर आलेली मंजुरीची सूचना. पुढे ओबामा, बायडन, मस्क यांच्यासारख्यांच्या खात्यांवरून बिटकॉइनच्या फसव्या जाहिराती गेल्या.

त्याच अहवालातली एक गोष्ट मात्र फारशी कोणी बोलत नाही. काही कर्मचाऱ्यांना त्या फोनचा संशय आला होता आणि त्यांनी कंपनीच्या अंतर्गत पथकाला तसं कळवलंही होतं. म्हणजे जागरूक माणसं होती. तरी हल्ला झाला.

तर माझे प्रश्न: सवयी कोणत्या लावाव्यात आणि कोणत्या क्रमाने? खोटे मेल पाठवून लोकांची परीक्षा घेण्याचा उपयोग होतो का? आणि घरातलं वायफाय, स्वतःचा फोन, घरातली इतर माणसं, यात कंपनीने कितपत पडावं?

कुलूपकिल्ली

चांगला धागा. मी याच क्षेत्रात काम करतो, त्यामुळे जरा लांबण लागेल.

पहिली गोष्ट, माणसाच्या नजरेवर शक्य तितकं कमी अवलंबून राहा. तुम्ही कितीही शिकवलंत तरी थकलेला माणूस कधी ना कधी फसणारच. ट्रॉय हंट हे नाव तुम्ही ऐकलं असेल. गळती झालेल्या डेटात आपला ईमेल पत्ता आहे का, हे तपासायची 'हॅव आय बीन प्वन्ड' ही सेवा त्यांनी २०१३ मध्ये सुरू केली. २०२५ च्या मार्चमध्ये ते स्वतः एका खोट्या मेलला बळी पडले आणि त्यांच्या ब्लॉगच्या सुमारे १६ हजार वाचकांची मेल-यादी चोरीला गेली. प्रवासाचा शीण होता आणि मेलमधली भीतीही बेताची होती, फार आरडाओरडा नव्हता. त्यांनी हे सगळं लगेच, सविस्तर लिहून जाहीर केलं. त्यांच्या लिखाणातला माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग असा: पासवर्ड मॅनेजरने (पासवर्ड जपून ठेवून ज्या-त्या साइटवर आपोआप भरणारं साधन) त्या पानावर पासवर्ड भरला नव्हता. ती खूण होती, आणि ती हातातून निसटली.

म्हणून मी पासवर्ड मॅनेजर शिकवताना 'लांब पासवर्ड लक्षात ठेवावे लागत नाहीत' इथून सुरुवात करत नाही. मी सांगतो की हे साधन साइटचा पत्ता अक्षर न अक्षर जुळवून पाहतं. तुमच्या डोळ्यांना आर आणि एन शेजारी शेजारी आले की एम दिसतो, त्याला दिसत नाही. त्यामुळे एकच सवय पक्की करायची: नेहमीच्या साइटवर पासवर्ड आपोआप भरला गेला नाही तर हात कीबोर्डवरून काढायचे. शोधून, कॉपी करून, हाताने पेस्ट करायचा नाही. थांबायचं आणि विचारायचं. (कधी कधी खरी साइटही लॉगिनचा पत्ता बदलते आणि मॅनेजर गप्प बसतो. म्हणूनच लोक हाताने भरायला सोकावतात. ही अडचण प्रशिक्षणात उघडपणे मांडा.)

दुसरी गोष्ट, लॉगिनचा दुसरा टप्पा, म्हणजे पासवर्डनंतरची खातरजमा, कोणता आहे याला फार महत्त्व आहे. एसएमएसवरचा ओटीपी काहीच नसण्यापेक्षा खूप बरा. पण खोटं पान तुमच्याकडून पासवर्ड आणि ओटीपी दोन्ही घेऊन त्याच क्षणी खऱ्या साइटवर भरू शकतं आणि तयार झालेलं लॉगिन सेशन (उघडं राहिलेलं लॉगिन) स्वतःकडे ठेवू शकतं. हार्डवेअर की (लॅपटॉपला लावायची छोटी चावी) किंवा पासकी (फोन वा संगणकातच जपलेली तशीच डिजिटल चावी) तिथे चालत नाही, कारण तिची डिजिटल सही खऱ्या साइटच्या पत्त्याशी बांधलेली असते. खोट्या पानाला ती काही उपयोगाची सही देतच नाही.

याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण २०२२ च्या जुलैमधलं. क्लाउडफ्लेअर या इंटरनेट-सेवा कंपनीच्या किमान ७६ कर्मचाऱ्यांना एका मिनिटाच्या आत खोटे एसएमएस आले, काहींच्या घरच्यांनाही आले. तिघांनी खोट्या पानावर पासवर्ड भरलाही. पण कंपनीत सगळ्यांना हार्डवेअर की सक्तीची होती, त्यामुळे त्या पासवर्डने हल्लेखोरांना आत शिरता आलं नाही. त्याच सुमारास तशाच हल्ल्यात ट्विलिओ या दुसऱ्या कंपनीत मात्र शिरकाव झाला. त्या तिघांना क्लाउडफ्लेअरने शिक्षा केली नाही. उलट सगळा प्रकार उघडपणे लिहिला, आणि चुकलं तरी लोक न घाबरता कळवतात हे आपल्याला किती मोलाचं वाटतं, तेही लिहिलं.

कंपनी लहान असेल तर निदान पैशांचे व्यवहार, अ‍ॅडमिन खाती आणि मेल सांभाळणाऱ्यांना की द्या. बाकीच्यांना पासकी. सगळ्यांना एकदम मिळेपर्यंत थांबू नका.

निळी_शाई

वर मंजुरीच्या सूचनेचा उल्लेख आला आहे म्हणून जोडते. उबरमध्ये २०२२ च्या सप्टेंबरमध्ये असंच झालं. एका कंत्राटी कर्मचाऱ्याचा पासवर्ड आधीच फुटला होता, हल्लेखोर पुन्हा पुन्हा लॉगिन करत राहिला, फोनवर सूचनांचा भडिमार झाला आणि शेवटी एक मंजूर झाली. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने २०२३ च्या मे महिन्यापासून आपल्या ऑथेंटिकेटर या मंजुरीच्या अ‍ॅपमध्ये स्क्रीनवरचा अंक फोनवर टाइप करण्याची सक्ती केली. तुमच्याकडच्या अ‍ॅपमध्ये अशी सोय असेल तर ती आजच चालू करून घ्या, त्याला प्रशिक्षण लागत नाही.

आणि लोकांना हे मात्र जरूर सांगा: आपण लॉगिन करत नसताना मंजुरीची सूचना आली, याचा अर्थ बहुतेक वेळा आपला पासवर्ड दुसऱ्या कोणाकडे आहे. 'नको' दाबून सोडून देणं पुरेसं नाही. पासवर्ड बदलायचा आणि कळवायचं.

एक प्रश्न: आमच्याकडे दर ९० दिवसांनी पासवर्ड बदलायची सक्ती आहे. लोक शेवटचा आकडा एकाने वाढवतात. याला काही अर्थ आहे का?

कुलूपकिल्ली

निळी_शाई, नाही. अमेरिकेतल्या निस्ट या प्रमाणसंस्थेने २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका असं लिहिलं. फुटल्याचा पुरावा असेल तेव्हा बदला. मायक्रोसॉफ्टनेही २०१९ मध्ये विंडोजच्या आपल्या शिफारशींतून ही मुदत काढून टाकली. मुदतीऐवजी नवा पासवर्ड ठेवताना तो फुटलेल्या पासवर्डांच्या यादीत आहे का, हे यंत्रणेकडून तपासून घ्या. तुमच्या ऑडिटरला निस्टचा दस्तऐवज दाखवा, मी तेच करतो.

पायवाट

खोट्या मेलच्या परीक्षेबद्दल माझं मत वेगळं पडेल. आम्ही दर तिमाहीला घेतो. मोजल्याशिवाय आपण कुठे आहोत ते कळणार कसं? अग्निशमनाची कवायत करतोच ना आपण? सुरुवातीला क्लिक करणारे जास्त होते, मग कमी झाले. व्यवस्थापनाला आकडा दाखवता येतो, त्यातून बजेट मिळतं. ज्यांनी क्लिक केलं त्यांना तिथल्या तिथे छोटा धडा दिसतो. चुकीच्या क्षणी शिकलेलं लक्षात राहतं असा माझा अनुभव आहे.

ओळ_अकरावी

मी दुसऱ्या बाजूने बोलते, म्हणजे ज्यांची परीक्षा घेतली जाते त्यांच्या बाजूने. ग्राहक-साहाय्यात काम करते. अनोळखी लोकांचे मेल उघडणं हेच माझं काम आहे. सोबत जोडलेल्या फाइली बघणं हेही माझंच काम. मला 'अनोळखी मेल उघडू नका' सांगणारा धडा माझं काम न समजता लिहिलेला असतो.

आमच्या आधीच्या एका कंपनीत (नाव घेत नाही) खोट्या मेलवर क्लिक करणाऱ्यांची यादी टीम-लीडला जायची. परिणाम काय झाला? लोक क्लिक करायचे थांबले नाहीत, सांगायचे थांबले. खरा प्रकार घडला तेव्हा आमच्यातल्या एकीने दोन दिवस कोणाला कळू दिलं नाही, कारण तिचं नाव आधी एकदा यादीत आलेलं होतं.

आणि कंपनी स्वतः कसे मेल पाठवते ते बघा. 'तातडीचे: आजच भरा' असा विषय, बाहेरच्या कुठल्या तरी सर्वेक्षण-साइटची लिंक, तिथे कंपनीचा पासवर्ड मागितलेला. विमा, पगारपत्रक, प्रशिक्षण, प्रत्येकाची साइट वेगळी आणि एकीच्याही पत्त्यात कंपनीचं नाव नाही. आम्हाला फसव्या मेलची जी लक्षणं शिकवली जातात ती सगळी एचआरच्या मेलमध्ये असतात. तिसरा_मजला, तुम्ही ऑपरेशन्समध्ये आहात तर आधी हे दुरुस्त करा. कंपनीचा कुठलाही मेल लॉगिनची लिंक देणार नाही, 'आतल्या पानावर अमुक ठिकाणी जा' एवढंच सांगेल, असं ठरवून टाका. मग आम्हाला लिंक असलेला मेल दिसला की वेगळं काही आहे हे आपोआप कळेल.

कुलूपकिल्ली

ओळ_अकरावी यांच्या प्रत्येक वाक्याला अनुमोदन. हे मी माझ्या टीमला वाचायला पाठवतो आहे.

पायवाट, तुमच्या मुद्द्यावर संशोधन झालेलं आहे आणि ते परीक्षेच्या बाजूने फारसं झुकत नाही. झुरिकच्या ईटीएचच्या संशोधकांनी एका मोठ्या कंपनीत १५ महिने, १४ हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांवर प्रयोग केला. क्लिक केल्यावर लगेच दिसणाऱ्या धड्याचा फायदा दिसला नाही, उलट ते लोक पुढे थोडे जास्तच फसले. २०२५ मध्ये सॅन डिएगोच्या विद्यापीठाच्या आरोग्यसेवेतल्या सुमारे १९,५०० कर्मचाऱ्यांचा आठ महिन्यांचा अभ्यास आला. प्रशिक्षण मिळालेले आणि न मिळालेले यांच्यातला फरक अवघा १.७ टक्के. तो 'तिथल्या तिथे' दिसणारा धडा तीन चतुर्थांश वेळा लोकांनी मिनिटभरात आटोपला.

पण झुरिकच्या त्याच अभ्यासात एक फार उपयोगाची गोष्ट आहे. मेलमध्ये 'कळवा' असं बटण दिल्यावर कर्मचारी संशयास्पद मेल लवकर आणि बऱ्यापैकी अचूक कळवत राहिले. महिनोन्महिने कळवूनही कंटाळले नाहीत. म्हणजे हजार माणसांतला प्रत्येक जण हुशार असायची गरज नाही, पहिल्या काही मिनिटांत एकाने कळवलं तरी बाकीच्यांच्या इनबॉक्समधून तो मेल काढता येतो. कवायतीचं उदाहरण तुम्ही दिलंत, ते मला मान्य आहे; पण कवायतीत बाहेर कसं पडायचं ते बघतात, आग कोणाला ओळखता आली नाही याची यादी करत नाहीत. परीक्षा घ्यायचीच तर क्लिक मोजू नका. पहिली तक्रार किती मिनिटांनी आली आणि तुमच्या टीमने किती वेळात उत्तर दिलं, ते मोजा.

पायवाट

हे अभ्यास मला माहीत नव्हते. क्लिकचा आकडा कमी झाला याचं एक कारण कदाचित हेही असेल की लोकांना आमच्या परीक्षेच्या मेलची धाटणी ओळखू येऊ लागली आहे. तपासून बघतो. पण परीक्षा पूर्णपणे बंद करावी हे मला अजून पटत नाही. कळवण्याचा वेळ मोजायलाही खोटा मेल पाठवावाच लागेल.

मजकुराला मर्यादा हवी हे मात्र मान्य. २०२० च्या डिसेंबरमध्ये गोडॅडी या वेब-सेवा कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यांना ६५० डॉलरच्या बोनसचं आमिष दाखवणारा परीक्षेचा मेल पाठवला होता. महामारीच्या वर्षात लोकांना बोनसची खोटी आशा दाखवली. नंतर माफी मागावी लागली. पगार, बोनस, नोकरकपात, आजारपण हे विषय आम्ही कधीच वापरत नाही.

उंबरठा

घराच्या बाजूबद्दल अजून कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

राउटर एकदाच नीट लावून द्यायची गोष्ट आहे. त्याच्या सेटिंगचा पासवर्ड (वायफायचा नव्हे, तो वेगळा) मुळातला ठेवू नये, अपडेट आपोआप होतील असं बघावं, डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने जोडायची सोय) बंद करावं, वायफायची सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवावी. निर्मात्याने अपडेट देणं बंद केलं असेल तर राउटर बदलावा. २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाच्या मालवेअरने (घातक सॉफ्टवेअरने) ५४ देशांतले किमान ५ लाख राउटर आणि तत्सम उपकरणं गाठली होती, त्यामुळे हा विषय अगदीच काल्पनिक नाही. पण यावर तासभर घालवू नका. बहुतेक साइट आज एचटीटीपीएसवर, म्हणजे सांकेतिक रूपात माहिती पाठवत, चालतात, लॅपटॉप अद्ययावत असेल तर घरच्या वायफायमधून होणारा धोका मर्यादित आहे. सार्वजनिक वायफायची जेवढी भीती घातली जाते तेवढी आता राहिलेली नाही. फोनचा हॉटस्पॉट वापरता आला तर उत्तम, एवढं सांगून पुढे जावं.

खरा धोका मला दिसतो तो कामाचं आणि खासगी एकमेकांत मिसळण्यात. तीन उदाहरणं देतो, तिन्ही कंपन्या सुरक्षेची जाण असलेल्या.

सिस्को, २०२२. कर्मचाऱ्याच्या खासगी गुगल खात्यात ब्राउझरने कंपनीचा पासवर्ड सिंक केलेला (आपोआप जपून ठेवलेला) होता. हल्लेखोरांनी खासगी खातं ताब्यात घेतलं आणि पासवर्ड आयताच मिळाला. मग फोन करकरून मंजुरीची सूचना स्वीकारायला लावली.

ओक्टा (लॉगिन-सेवा देणारी कंपनी), २०२३. कंपनीच्याच लॅपटॉपवर कर्मचारी क्रोममध्ये स्वतःच्या खासगी प्रोफाइलने शिरलेला होता आणि एका सर्व्हिस खात्याचा (माणसाऐवजी यंत्रणा वापरते अशा खात्याचा) पासवर्ड त्या खासगी खात्यात जपला गेला. तो तिथूनच फुटला असावा, असा कंपनीचा निष्कर्ष.

लास्टपास (पासवर्ड मॅनेजर बनवणारी कंपनी), २०२२. एका वरिष्ठ अभियंत्याच्या घरच्या संगणकावर सिनेमे-गाणी साठवायचं एक सॉफ्टवेअर होतं. त्यातली त्रुटी निर्मात्याने दोन वर्षांपूर्वीच दुरुस्त केली होती, पण इथे अपडेट झालेलं नव्हतं. तिथून कीलॉगर (टाइप केलेलं सगळं टिपणारं सॉफ्टवेअर) शिरला आणि त्याचा मास्टर पासवर्ड गेला. कंपनीने साठवलेल्या डेटाच्या डिजिटल चाव्या ज्यांच्याकडे होत्या अशा चौघांपैकी तो एक.

म्हणून घरून काम करणाऱ्याला एकच सवय लावायची झाली तर मी ही लावेन: कामाच्या लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये खासगी खातं उघडायचं नाही, आणि खासगी संगणकावर कामाचं लॉगिन करायचं नाही. यूट्यूब बघायचंय? फोनवर बघा. पाच मिनिटांसाठी घरातल्या मुलांना लॅपटॉप द्यायचाही नाही. हे कठोर वाटतं, पण हे समजायला तांत्रिक ज्ञान लागत नाही आणि पाळणं सोपं आहे.

कंपनीने कितपत पडावं, तर: लोकांच्या खासगी फोनवर पाळत ठेवणारं सॉफ्टवेअर टाकून परत विश्वासाची अपेक्षा करू नये. कामासाठी फोन लागतो ना? मग फोन द्या. ते परवडत नसेल तर फोनमध्ये कामाचा कप्पा वेगळा ठेवता येतो, तेवढाच ताब्यात घ्या.

वाचनमात्र

नेहमी नुसती वाचत असते, आज लिहिते. मी लेखा विभागात आहे. आमच्याकडे सगळ्यात जास्त प्रकार 'पुरवठादाराचा बँक खाते क्रमांक बदलला आहे' या मेलचे येतात. मेल खऱ्या पुरवठादाराच्या खऱ्या खात्यावरून येतो, कारण त्याचं खातं आधीच फोडलेलं असतं. जुन्या संभाषणाच्या खालीच उत्तर येतं. स्पेलिंग बरोबर, सही बरोबर. मेल कितीही निरखून पाहिला तरी कळायचं नाही.

आमचा नियम: खाते क्रमांक बदलायचा असेल तर आपल्याकडे आधीपासून नोंदवलेल्या नंबरवर आपण फोन करायचा. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही, आणि त्यांचा फोन आला तर त्या फोनवरही नाही. साहेबांना घाई असली तरी हाच नियम. आमच्या वित्तप्रमुखांनी सगळ्यांसमोर सांगितलं की 'मीही घाई केली तरी तुम्ही थांबा, त्यासाठी तुम्हाला कोणी काही बोलणार नाही'. या एका वाक्याने आमचं काम जितकं सोपं झालं तितकं कुठल्याही कोर्सने झालं नाही. प्रशिक्षणात असं वाक्य वरिष्ठांच्या तोंडून वदवून घ्या, ही माझी कळकळीची विनंती.

कुलूपकिल्ली

वाचनमात्र, तुम्ही अधूनमधून लिहीत जा. आता हा नियम व्हिडिओ कॉललाही लावावा लागतो. २०२४ च्या सुरुवातीला अरुप या अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँग कार्यालयात वित्त विभागातल्या कर्मचाऱ्याला आधी मेल आला. त्याला संशय आला होता. मग व्हिडिओ कॉल झाला, त्यात वित्तप्रमुख आणि ओळखीचे सहकारी 'दिसले', संशय गेला आणि १५ व्यवहारांत सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर बाहेर गेले. कॉलवरचे ते सगळे चेहरे बनावट होते. चेहरा नीट बघा, पापण्या लवतात का बघा, असलं काही शिकवू नका, ते तंत्र दर काही महिन्यांनी सुधारतं. दुसऱ्या वाटेने उलटा फोन करणं मात्र चेहरा कितीही खरा दिसला तरी उपयोगी पडतं.

आणखी एक नवा प्रकार प्रशिक्षणात घ्या. 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' असं पान येतं आणि विंडोज व आर ही बटणं दाबून, मग पेस्ट करून एंटर मारायला सांगतं. पेस्ट होते ती मालवेअर उतरवणारी आज्ञा. कुठलीही वेबसाइट तुम्हाला अशा चौकटीत किंवा टर्मिनलमध्ये (संगणकाला थेट आज्ञा द्यायच्या खिडकीत) काही पेस्ट करायला सांगत असेल तर टॅब बंद करा. यात लिंकही नाही, फाइलही नाही, त्यामुळे जुन्या प्रशिक्षणाने शिकवलेल्या कुठल्याच खुणा इथे लागू पडत नाहीत.

दुसरी_पाळी

हेल्पडेस्कवाला. आमच्याबद्दल दोन शब्द. सगळे म्हणतात कर्मचाऱ्याने हेल्पडेस्कची खात्री करावी. पण हेल्पडेस्कने कर्मचाऱ्याची खात्री कशी करायची? 'फोन हरवला, नवीन फोनवर दुसरा टप्पा लावून द्या' असा कॉल येतो. समोरचा रडकुंडीला आलेला असतो, त्याला कर्मचारी क्रमांक, जन्मतारीख, साहेबांचं नाव सगळं माहीत असतं. यातलं बरंचसं सोशल मीडियावर सापडतं. ऑफिस असताना आम्ही म्हणायचो, 'ओळखपत्र घेऊन डेस्कवर या'. आता ते शक्य नाही.

आम्ही आता असं करतो: विनंती आली की फोन ठेवायचा आणि एचआरच्या नोंदीतल्या नंबरवर स्वतः फोन करायचा. फोनच हरवला असेल तर त्याच्या व्यवस्थापकाने अंतर्गत चॅटवरून विनंती करायची आणि व्यवस्थापकालाही आम्हीच फोन लावायचा. वेळ लागतो, शिव्या बसतात. तेव्हा प्रशिक्षणात लोकांना आधीच सांगा की हेल्पडेस्क तुम्हाला ताटकळत ठेवेल आणि ते तुमच्याच खात्यासाठी आहे.

आणि उलट दिशेचा नियमही: आम्ही कधीही पासवर्ड किंवा ओटीपी विचारणार नाही. आमचा फोन आला असेल तर 'ठेवतो आणि तुम्हाला परत करतो' म्हणा. आम्हाला राग येणार नाही.

तिसरा_मजला

इतकं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. ओळ_अकरावी, मी आज आमच्याच मागच्या काही महिन्यांतल्या सगळ्या अंतर्गत मेल काढून बघितल्या. तुम्ही म्हणता तसंच आहे. एचआर आणि प्रशासनाबरोबर बैठक लावली आहे, प्रशिक्षणाच्या आधी तेच काम हातात घेते.

व्हिडिओ बंद करून विभागवार छोट्या बैठका घ्यायचं ठरवते आहे. लेखा विभागाला खाते क्रमांक बदलाचा प्रकार, ग्राहक-साहाय्याला जोडलेल्या फाइली (त्या उघडायला वेगळी, बंदिस्त जागा लागेल हेही आता लक्षात आलं), अभियंत्यांना ब्राउझर प्रोफाइल आणि सर्व्हिस खात्यांचे पासवर्ड. नवीन माणसाला पहिल्याच दिवशी पासवर्ड मॅनेजर लावून द्यायचा, कोणीतरी स्क्रीन शेअर करून बरोबर बसायचं. चॅटवर 'हे खरं आहे का?' नावाचं एक दालन उघडते, जिथे कोणीही स्क्रीनशॉट टाकून विचारू शकेल.

एक अडचण राहते. आमचे लोक वेगवेगळ्या देशांत आहेत. कोणी रात्री अडीचला काही उघडलं आणि नंतर लक्षात आलं, तर उत्तर द्यायला कोणी जागं नसेल. तेव्हा त्याने काय करायचं?

दुसरी_पाळी

आळीपाळीने एक तरी माणूस फोनवर असलाच पाहिजे. दालनात स्क्रीनशॉट टाकताना मात्र लिंक जिवंत टाकू नये, फक्त चित्र. नाहीतर विचारणाऱ्याच्या पोस्टवरून चार जण क्लिक करतील.

कुलूपकिल्ली

फोन लागेपर्यंत त्याला स्वतःला करता येतील अशा गोष्टी एका कागदावर लिहून द्या. खरोखर कागदावर, कारण लॅपटॉपवरची फाइल त्या वेळी उघडता येईलच असं नाही.

लॅपटॉपवर काही चालवलं गेलं असेल तर वायफाय बंद करायचं, केबल असेल तर काढायची, पण लॅपटॉप बंद करायचा नाही. मेमरीतले पुरावे बंद केल्यावर जातात. अँटिव्हायरस चालवून, फाइल पुसून 'साफ' करायच्या भानगडीत पडायचं नाही. पासवर्ड दिला गेला असेल तर तो दुसऱ्या, चांगल्या उपकरणावरून बदलायचा, त्याच लॅपटॉपवरून नाही. नुसता बदलून भागत नाही, 'सगळीकडून बाहेर पडा' हा पर्यायही दाबायचा, कारण चोरलेलं सेशन पासवर्ड बदलल्यावरही काही ठिकाणी चालू राहतं. मेल खातं असेल तर आपोआप पुढे पाठवण्याचा एखादा नवा नियम लागलाय का ते बघायचं, हल्लेखोर तो हमखास लावून ठेवतात. मग काय उघडलं, किती वाजता, काय टाइप केलं, एवढं आठवेल तसं लिहून ठेवायचं.

आणि कागदाच्या सगळ्यात वर फोन नंबर मोठ्या अक्षरांत, त्याखाली: 'झोपमोड होईल म्हणून थांबू नका'. हे तुमच्या सर्वांत वरिष्ठ माणसाच्या सहीने छापा.

ओळ_अकरावी

त्याखाली अजून एक ओळ घालाल का? 'कळवणाऱ्याचं नाव कोणत्याही यादीत जाणार नाही.' आणि ते पाळा.

तिसरा_मजला

घालते. सहीसाठी उद्याच विचारते. कागदाचा कच्चा मसुदा तयार झाला की इथेच टाकेन, वाचनमात्र आणि दुसरी_पाळी यांनी तो जरूर तपासावा.